फिन अर्धा इंच पुढे

लहानपणी गोव्यातल्या कदंबा बसच्या खिडकीतून हात बाहेर काढला म्हणून ज्यांनी आईची चापट खाल्ली आहे, त्यांना सर्फबोर्डच्या फिनचं, म्हणजे बोर्डाच्या तळाला मागे बसवलेल्या उभ्या पंखाचं, निम्मं शास्त्र आधीच कळलेलं आहे. तळहात जमिनीला समांतर धरला की वारा गुपचूप कापला जातो, हाताला काही जाणवत नाही. अंगठ्याकडची कड जरा वर केली की हात आपोआप वर उचलला जातो. आणखी वर केली की आणखी जोरात. पण एका मर्यादेनंतर हात थरथरायला लागतो, उचल संपते आणि वारा त्याला नुसता मागे ढकलत राहतो. हाच तळहात उभा करून पाण्यात धरा, झाली फिन. जोर वर लागण्याऐवजी बाजूला लागतो, एवढाच फरक. शिवाय पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट घट्ट, त्यामुळे फिन तळहाताएवढी असली तरी पुरते.

गेल्या काही वर्षांत उत्तर गोव्यातल्या मांद्रे, आश्वे, हरमल या पट्ट्यात सर्फिंग शिकणारे बरेच दिसतात. बोर्डाची लांबी, जाडी, ब्रँड यावर सगळे तासन्‌तास बोलतात. बोर्ड उलटा करून खाली काय लावलंय ते मात्र फार थोडे बघतात. मीही बघत नव्हतो. बघायला लावलं ते आमच्या वाड्यावरच्या एका काकांनी. रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायला, जाणारा माणूस. वाळूत उलटा पडलेला माझा बोर्ड त्यांनी निरखून पाहिला आणि विचारलं, “याचं सुकाणू फिरतं कुठून?”

“फिरत नाही काका. घट्ट बसवलेलंय.”

“मग हे वळतं कसं?”

त्यांना जे उत्तर तेव्हा धड देता आलं नाही, तेच आता लिहितो.

सुकाणू आपण फिरवतो, पाणी त्यावर आदळतं आणि होडी वळते. फिन असं काही करत नाही. बोर्ड वळतो तो आपण वजन एका बाजूला टाकल्यामुळे. त्या बाजूची कड, म्हणजे रेल, पाण्यात घुसते. कडेला गोलाई असते, त्या गोलाईबरोबर बोर्ड वळू लागतो. आता अडचण अशी की मागची बाजू, टेल, त्या वळणाबरोबर यायला तयार नसते, ती बाहेर घसरू पाहते. साबणाच्या फरशीवर ताट सरकवलं की ते कुठल्या दिशेला जाईल याचा भरवसा नसतो, तशी गत. फिन त्या घसरणाऱ्या टेलला धरून ठेवते. टेल जरा घसरली की पाणी फिनवर तिरकं येतं, म्हणजे आपला खिडकीतला हात कलला, आणि बाजूचा जोर तयार होतो. तो जोर टेलला परत रांगेत आणतो. धरण्याचं काम फिनचं, वळवण्याचं आपलं. काकांना हे नंतर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे होडीच्या तळाचा कणा.” बरोबर. मी दोन वर्षं जे इंग्रजी व्हिडिओ बघून शिकलो ते त्यांनी एका ओळीत संपवलं.

गंमत म्हणजे इतिहासही तसाच आहे. पूर्वी हवाई बेटांवरच्या लाकडी फळ्यांना खाली काहीच नसे. दिशा बदलायची तर पाय पाण्यात सोडून ओढायचा. १९३५ साली अमेरिकन सर्फर टॉम ब्लेक यांनी टाकून दिलेल्या स्पीडबोटीचा कणा काढून आपल्या बोर्डाखाली बसवला. तीच सर्फबोर्डची पहिली फिन मानली जाते.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ, कारण इथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. फिनवर तयार होणारा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. वेग दुप्पट झाला तर जोर चौपट. वेग निम्मा झाला तर जोर पाव. गोव्यात ऑक्टोबर ते मे लाट साधारण गुडघ्यापासून कंबरेपर्यंत, कधी छातीपर्यंत, आणि ती ढकलते हळू. पावसाळ्यात समुद्र मोठा होतो खरा, पण तो सगळीकडून एकदम फुटणारा, गढूळ, ओढीचा. जून ते सप्टेंबर पोहायला बंदी असते, लाल बावटे असतात, आणि त्या दिवसांत प्रयोग करायला जाऊ नये हे वेगळं सांगायला नको. म्हणजे आपल्या वाट्याला येतो तो कमी वेग. मग हवाईच्या दुमजली लाटांवर जाणाऱ्या खेळाडूच्या नावाचा महागडा सेट आणून काय करणार? तो ज्या वेगासाठी घडवलाय तो वेग मांद्र्याला येतच नाही. माझं स्पष्ट मत, आपल्याकडे फिनवर पैसे घालण्याआधी आहे तीच फिन पुढेमागे सरकवून बघावी. फुकट आहे, आणि फरक एवढा पडतो की सुरुवातीला खरा वाटत नाही.

हे करायला सर्वांत सोपा तो लांब बोर्ड, एका फिनचा. माझा नऊ फुटी आहे. टेलच्या अलीकडे मधोमध सुमारे दहा इंच लांबीची एक खाच असते, तिला बॉक्स म्हणतात. फिनच्या बुडाला मागच्या बाजूला एक आडवी पितळी पिन, ती खाचेतल्या चरात सरकते. पुढच्या बाजूला एक भोक, त्यातून स्क्रू जातो आणि खाली एका छोट्या चौकोनी पट्टीत, म्हणजे नटमध्ये, बसतो. हा नट चरातून मागेपुढे सरकवता येतो. स्क्रू ढिला करा, सरकवा, आवळा. ऐकायला एका मिनिटाचं काम. प्रत्यक्षात तो नट चिंचोक्यापेक्षाही लहान असतो, आणि वाळूत पडला की गेला. मी एक अख्खी सकाळ, भरती-सुकतीची उत्तम वेळ साधून आलेली, गुडघ्यावर बसून वाळू चाळण्यात घालवली आहे. तेव्हापासून पंचा अंथरल्याशिवाय स्क्रूला हात लावत नाही, आणि वर्षातून दोनदा स्क्रू बदलतो. आपल्या खाऱ्या हवेत साधं लोखंड टिकत नाही, स्टेनलेसचाच घ्यावा. आवळतानाही बेताने. फार जोर लावला तर नट चर फोडून वर येतो.

फिन मागे-पुढे केल्याने काय होतं? बाण आठवा. पिसं शेवटी असतात म्हणून बाण सरळ जातो. तीच पिसं मधोमध लावली तर तो डुलेल. फिन बॉक्सच्या अगदी मागे नेली की बोर्ड रुळावर बसल्यासारखा सरळ जातो, डगमगत नाही, पण वळवायला गेलात तर ऐकत नाही. पुढे आणली की मागच्या पायाच्या जवळ येते आणि टेल हलकी होते. थोड्या दाबात वळते, पण कधीकधी नको तेव्हा घसरते. नऊ इंची (हे माप खोलीचं, बूड त्याहून आखूड) फिन लावल्यावर सरकवायला जागा उरते दोन-तीन इंच. त्यातल्या अर्ध्या इंचाचा फरक पायाला कळतो.

निदान मला तसं वाटायचं. मग मावसभावाने शंका काढली की तुला कळतं की तू आधीच ठरवून जातोस? आम्ही खेळ लावला. बॉक्सच्या कडेला नेलपॉलिशने तीन ठिपके केले, मागे, मधे, पुढे. मी समुद्राकडे तोंड करून उभा राहायचं, त्याने फिन बसवायची, मी न बघता बोर्ड घेऊन आत जायचं, पाच-सहा लाटा घ्यायच्या आणि बाहेर येऊन सांगायचं. पहिल्या दिवशी सहा वेळांपैकी दोनदा बरोबर आलं. दोनदा तर त्याने फिन हलवलीच नव्हती, आणि मी “आता कसा मोकळा वळतोय बघ” म्हणून सांगत आलो. लाट चांगली मिळाली की फिन चांगली वाटते, हा मनाचा खेळ. आठवड्याभराने मात्र टोकाच्या दोन जागा दरवेळी ओळखू यायला लागल्या. मधली अजूनही चुकते.

त्यातून दोन नियम शिकलो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. फिन पुढे घेतली आणि त्याच दिवशी वेगळा बोर्ड, वेगळा किनारा, दुपारचा वारा असं सगळं बदललं तर काहीच कळत नाही. आणि वेळ सकाळची. आपल्याकडे पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे असतो, पाणी गुळगुळीत. दुपारी तो उलटून समुद्राकडून येतो आणि लाटेचं पार भरीत होतं. त्यात फिन काय, बोर्ड आहे की दार हेही समजत नाही.

जागेनंतर आकार. इथे मला मासळी बाजार फार उपयोगी पडतो. म्हापशाच्या बाजारात इसवणाची शेपूट नीट बघा. चंद्रकोरीसारखी, उंच, अरुंद, टोकदार. शेजारी चोणक असेल तर त्याची शेपूट रुंद आणि गोल. इसवण लांब पल्ल्याचा, सतत वेगाने पोहणारा मासा. चोणक खाडीत दबा धरून बसतो आणि एकदम झडप घालतो. आता शेपूट माशाला ढकलते, फिन ढकलत नाही, हे खरं. पण पाण्यात उभ्या पंखाचा नियम दोघांनाही एकच. पंखाच्या एका बाजूला दाब जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. पाणी टोकावरून जास्त दाबाकडून कमी दाबाकडे निसटू पाहतं आणि तिथे भोवरे होतात. तो वाया जाणारा जोर. पंख उंच आणि अरुंद असला तर निसटायला टोक थोडंच मिळतं, म्हणून तेवढ्याच क्षेत्रफळात जोर जास्त आणि अडथळा कमी. पण असा पंख एकदम तिरका झाला की पटकन हात सोडतो, खिडकीतला हात थरथरला होता तसा. रुंद, बुटका पंख अडथळा जास्त करतो, पण तिरका झाला तरी बराच वेळ धरून राहतो. फिन निवडताना हीच देवाणघेवाण असते. बूड लांब तर पुढे रेटा चांगला. खोली जास्त तर पकड जास्त. टोक मागे झुकलेलं, ज्याला रेक म्हणतात, तर वळण लांबलचक आणि सैल हाताने काढलेलं. फिन सरळ उभी तर जागच्या जागी गिरकी.

खोलीचा एक जुना ठोकताळा आहे, बोर्ड जितके फूट, फिन तितके इंच. नऊ फुटी बोर्डाला नऊ इंची. सुरुवातीला चालतो. वजनदार माणसाने थोडी मोठी घ्यावी, किरकोळ अंगाच्याने लहान. सहज आठवलं म्हणून सांगतो, मागे झुकलेल्या फिनचा आपल्याकडे आणखी एक फायदा. पावसाळ्यानंतर पाण्यात जाळ्यांचे तुकडे, दोऱ्या, प्लास्टिकच्या पिशव्या तरंगत असतात. उभ्या फिनला त्या बावट्यासारख्या लटकतात, झुकलेलीवरून घसरून जातात.

लवचिकपणाचं प्रकरण वेगळं. साठच्या दशकात अमेरिकन सर्फर जॉर्ज ग्रीनो यांनी माशांच्या शेपट्या बघून अशा फिना केल्या की बूड कडक आणि टोकाकडे ती वाकते. वळताना वाकलेलं टोक वळण संपताना सरळ होतं आणि बोर्डाला हलकासा धक्का देतं. स्वस्त प्लास्टिकच्या फिना पण वाकतात, मग त्या वाईट का? त्या सगळीकडूनच वाकतात, बुडापासून. जिथे धरायचं तिथेच ढिल्या.

हे सगळं वाचून झाल्यावर मला स्वतः फिन घडवायची खाज सुटली. बारा मिलिमीटरचा मरीन प्लायवुड घेतला, नऊ इंची फिनचा आकार पुठ्ठ्यावरून उतरवून कापला आणि तासायला बसलो. फिनची पुढची कड गोलसर, सर्वांत जाड भाग पुढून साधारण एक तृतीयांशावर, आणि तिथून मागच्या कडेपर्यंत निमुळती होत जायला हवी. विमानाच्या पंखासारखी, पण मधल्या फिनला दोन्ही बाजू सारख्या. दोन्ही बाजू सारख्या झाल्या हे कसं ओळखायचं? प्लायवुडमुळेच. त्यात लाकडाचे पातळ थर असतात, एक फिका, एक गडद. तासत गेलं की हे थर पृष्ठभागावर रेषांसारखे उघडे पडतात, नकाशावर डोंगराच्या उंचीच्या रेषा असतात तशा. रेषा जवळजवळ म्हणजे उतार तीव्र, लांब म्हणजे सपाट. उजव्या बाजूच्या रेषा डाव्या बाजूच्या रेषांशी जुळल्या की काम जमलं. कागदावर मोजमाप करून जे कळलं नसतं ते लाकूड स्वतः दाखवतं. मी मांडीवर फिन ठेवून ओल्या फडक्याने धूळ पुसायचो आणि नुसता रेषा बघत बसायचो. घरच्यांना वाटलं देवासाठी काहीतरी चाललंय.

त्यावर दोन्ही बाजूंनी काचेचं कापड आणि रेझिन. हे काम शापोऱ्याकडे फायबरच्या होड्या दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून शिकलो. तोंडाला मास्क, हाताला मोजे, आणि पावसाळी दमटात हे करायचं नाही, रेझिन नीट सुकत नाही, चिकट राहतं. मी ऑगस्टमध्ये केलं. अर्थात चिकट राहिलं.

पहिली फिन बोर्ड डावीकडे ओढायची. एका बाजूच्या रेषा मी घाईत जुळल्या असं मानून घेतलं होतं, दुसरं काय. दुसरी सरळ गेली, पण वेग आला की गुणगुणायची. खरंच, मोठ्या भुंग्यासारखा आवाज, आणि पायाला झिणझिण्या. मला वाटलं स्क्रू ढिला. नव्हता. फिनच्या मागच्या कडेवरून पाणी सुटताना आलटून पालटून डावी-उजवीकडे छोटे भोवरे सुटतात. मागची कड जाड, गोल राहिली असेल तर हे भोवरे ठरावीक ताल धरतात, आणि तो ताल फिनच्या स्वतःच्या कंपनाशी जुळला की ती गाऊ लागते. तारेतून वारा जाताना होतं तेच. उपाय आवाजाच्या मानाने किरकोळ. मागची कड पातळ करायची आणि शेवटचा भाग एकाच बाजूने थोडा तिरका घासायचा, म्हणजे दोन्हीकडचे भोवरे एकाच जागेवरून सुटत नाहीत आणि ताल मोडतो. बारीक पॉलिशपेपर, पाच मिनिटं, आवाज बंद. मात्र कड सुरीसारखी करू नये. पडल्यावर तीच फिन मांडीवर येते, आणि पोटरीवर टाके घातलेले दोन जण माझ्या ओळखीत आहेत.

तीन फिनांच्या आखूड बोर्डाचं गणित थोडं वेगळं, ते पटकन सांगतो. ऐंशीच्या सुमारास दोन फिनांचे बोर्ड जोरात होते. ऑस्ट्रेलियन सर्फर मार्क रिचर्ड्स यांनी त्यांवर १९७९ ते १९८२ सलग चार जागतिक विजेतेपदं घेतली. पण त्यांच्याच देशातल्या, अंगाने थोराड असलेल्या सर्फर सायमन अँडरसन यांना ते मोठ्या लाटेत फार घसरणारे वाटत. १९८० साली त्यांनी एका मित्राच्या दोन फिनांच्या बोर्डावर मागे बसवलेली छोटी तिसरी फिन पाहिली, तिन्ही फिना जवळपास सारख्या आकाराच्या केल्या, आणि १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बेल्स बीचला प्रचंड लाटांत स्पर्धा जिंकली. आज दुकानात दिसणारे बहुतेक आखूड बोर्ड त्याच मांडणीचे.

सहा फुटी बोर्डावर बाजूच्या फिनांची मागची कड टेलच्या टोकापासून साधारण अकरा इंचांवर, मधलीची साडेतीन इंचांवर. बाजूच्या फिनांच्या पुढच्या कडा किंचित आत, म्हणजे बोर्डाच्या नाकाकडे, पुढच्या टोकाकडे, वळवलेल्या असतात, साधारण पाव इंच. याला टो-इन म्हणतात. बोर्डाखालचं पाणी मागे जाताना थोडं बाहेरच्या बाजूला पसरतं, त्या प्रवाहाशी जुळवून घेणं हा एक हेतू. दुसरा असा की फिन आधीच जराशी तिरकी असल्याने वळणाचा इशारा मिळताच जोर लागतो, वाट बघावी लागत नाही. किंमत म्हणजे सरळ जाताना थोडा अडथळा.

शिवाय या दोन फिना खाली सरळ न जाता बाहेर कललेल्या असतात, चार ते आठ अंश. का, ते एका उदाहरणात दिसतं. समजा फिन सहा अंश बाहेर कललेली आहे आणि वळताना तुम्ही बोर्ड तीस अंश उजवीकडे झुकवला. मधली फिन आता उभ्या रेषेपासून तीस अंश ढळली. उजवीकडची मात्र चोवीसच, कारण तिचे सहा अंश आधीच उलट्या बाजूला होते. जिच्यावर भार आहे तीच फिन जास्त उभी, जास्त खोल.

हे कोन बहुतेक बोर्डांत कायमचे बसवलेले असतात, घरी बदलता येत नाहीत. पण प्रयोग तरीही होतो. लाट कंबरेइतकी आणि आळशी असेल त्या दिवशी मधली फिन लहान लावून बघा, किंवा काढूनच टाका. अडथळा कमी होतो, बोर्ड सुटा वाटतो, टेल खोडकर होते. पहिल्या दोन लाटांवर पडाल, तिसरीवर हसाल. या फिनांचे स्क्रू फार बारीक असतात, पंच्यावरूनही घरंगळतात, म्हणून मी ते ओठांत धरायचो. मार्चमध्ये मागून भावाने हाक मारली, मी “काय?” म्हणालो, आणि एक स्क्रू पोटात जाता जाता राहिला. आता खिशात काड्यापेटी ठेवतो.